माझ्या रेघा, गोळीच्या रेघा

"केस धुऊन या, तेल अजिबात लावू नका," असं फोनवर दोनदा बजावलं होतं. त्याप्रमाणे कोरड्या, फुलारलेल्या केसांनी मी रात्री नऊला ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या त्या झोप तपासणी केंद्रात पोहोचले. तिथल्या मुलाने खुर्चीत बसवून टेपने माझं डोकं मोजलं. आधी नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेन्सिलीने खुणा केल्या, खरखरीत पेस्टने प्रत्येक खुणेवरची कातडी घासली आणि एकेक वायर चिकटवली. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, दोन्ही नडग्यांवरही वायरी आल्या. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. मुलगा पंचविशीतला असेल. फार हळुवार हात होता त्याचा. सगळं लावून झाल्यावर त्याने फॉर्म पुढे ओढला. "ताई, झोपेची गोळी रोज घेता? आज घेणार आहात?"

सहा वर्षं रोज घेत होते. त्या रात्रीही घेतली.

बाबा अंथरुणाला खिळले ते अकरा महिने. पक्षाघाताने वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. डाव्या हाताने ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. दोनदा वाजला तर पाणी हवंय, वाजतच राहिला तर कूस बदलून हवीय. मी शेजारच्या खोलीत झोपायचे आणि पहिल्या ठोक्याला उठून उभी असायचे. २०१६ च्या पावसाळ्यात बाबा गेले. चमचा थांबला, माझे कान थांबले नाहीत. आमची इमारत नौपाड्यातली, जुनी, तीन मजली. रात्री उशिरा लोकल बंद झाल्या की एक वेगळीच शांतता पसरते, अधूनमधून लांबच्या गाडीचा भोंगा तेवढा ऐकू येतो. त्या शांततेत मी पेल्याचा आवाज येतोय का ते ऐकत पडायचे. येणार नाही हे पक्कं माहीत होतं. तरी ऐकत पडायचे.

निद्रानाश जुना झाला असं कधी म्हणायचं, याचं डॉक्टरांचं एक माप आहे: आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि असे तीन महिने. मी ते माप दिवाळीच्या आतच ओलांडलं. आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या दुखण्याची तीन थरांत मांडणी केली. एक, माणसाच्या पिंडातच असलेला जागेपणा. दोन, तो पेटवणारी घटना. आणि तीन, घटना सरून गेल्यावरही जागरण चालू ठेवणाऱ्या सवयी. पुढे हे मला कळलं तेव्हा वाटलं, कोणीतरी आमच्या घरात येऊन बघून गेलंय. पिंड आजीचा, तिची झोपही सशाची होती. घटना बाबांची. आणि सवयी माझ्या: दहालाच अंथरुणावर जाऊन पडणं, दर वीस मिनिटांनी घड्याळ बघणं, दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं टेकणं, "आज तरी लागू दे डोळा" म्हणत दिवे घालवणं.

पहिली गोळी अल्प्राझोलामची. त्या गोळीबद्दल मी कृतघ्न होणार नाही. बाबांच्या दिवसकार्यानंतरचा तो महिना तिच्यामुळे निभला. चूक त्यानंतर झाली. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी बदलून दुसरी आली, झोल्पिडेम, १० मिलिग्रॅम. आणि मग दर भेटीला चिठ्ठीवर एकच शब्द उमटत गेला: कंटिन्यू. केमिस्टकडे या गोळ्यांसाठी वेगळी वही असते. २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधं आपल्याकडे एच-वन परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. आमच्या नाक्यावरचे केमिस्ट काका ती नोंद इमाने इतबारे करायचे. सहा वर्षं माझं नाव त्या वहीत दर महिन्याला चढत होतं. वही बरोबर होती. ही बाई अजून का घेतेय, हा प्रश्न मात्र त्या साखळीत कोणाच्याच वाट्याला आला नव्हता, माझ्यासुद्धा.

मग धाकट्या बहिणीचा फोन आला. ती डोंबिवलीला असते. सकाळी दहा वाजता म्हणाली, "तायडे, मग मी बाबांच्या कपाटाचं त्या माणसाला सांगून टाकलं हं. दुपारी न्यायला येतोय."

"कुठल्या माणसाला? कसलं कपाट?"

"अगं, काल रात्री तूच म्हणालीस ना देऊन टाकूया म्हणून. वीस मिनिटं बोललो आपण. रडलीस सुद्धा."

फोनमध्ये पाहिलं. अकरा वाजून आठ मिनिटांनी मीच तिला फोन लावला होता. साडेदहाला गोळी घेतली होती. त्या वीस मिनिटांतला एक शब्द मला आठवत नव्हता, आजही आठवत नाही. बाबांचं कपाट, ज्याला मी सहा वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता, ते देऊन टाकायला मी रडत रडत कबूल झाले होते, आणि तिथे मी नव्हतेच. कपाट थांबवलं. मात्र त्या दिवशी ऑफिसात बेरजा करताना माझे हात गार पडले होते.

गोळी घेऊन जागं राहिलं तर असं होऊ शकतं. या औषधांच्या अमलाखाली मेंदू नव्या आठवणी नोंदवणं थांबवतो. माणूस बोलतो, चालतो, काहीजण स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात, आणि सकाळी पाटी कोरी. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि तिच्या भावंडांच्या वेष्टनावर याबद्दल सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. त्याआधी २०१३ मध्ये त्यांनी बायकांसाठीचा डोस १० वरून थेट ५ मिलिग्रॅमवर आणला होता, कारण बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं आणि सकाळीही रक्तात बरंच उरतं. मी १० घेत होते. सकाळी स्टेशनच्या पुलावर कठड्याला धरून चढायचे आणि समजायचे, वय झालं. मला हे कोणी सांगितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

त्या फोनमुळेच मी झोपेच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी ही तपासणी करायला लावली. जागरणासाठी ती सरसकट लागत नाही. मी घोरते असं आई म्हणायची, म्हणून श्वास अडकतो का ते त्यांना बघायचं होतं. श्वास ठीक निघाला. पण रिपोर्ट समजावताना त्यांनी संगणकावर माझी रात्र उघडली, आणि मी त्यांना हलू दिलं नाही.

झोप तीस तीस सेकंदांच्या पानांवर वाचतात. आठ तासांची नऊशे साठ पानं. प्रत्येक पानावर मेंदूच्या रेघा, डोळ्यांच्या रेघा, हनुवटीच्या स्नायूंची रेघ. डोक्याच्या कातडीवरून मेंदूची वीज टिपता येते हे जर्मनीतल्या हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसावर करून पाहिलं. डोळ्यांपाशी वायर लावायची ती कथा १९५३ मध्ये जगापुढे आली. शिकागोत युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशी वायरी लावून त्याला झोपवलं, आणि झोपेत ठराविक वेळी डोळे भिरभिरतात हे त्याला दिसलं. स्वप्नांची झोप ती.

डॉक्टरांनी आधी दुसऱ्या कोणाची, निरोगी माणसाची पानं दाखवली. नाव झाकलेलं. जागेपणी रेघ बारीक, घाईची, नुसती खरवड. डोळे मिटले की सेकंदाला आठ-दहाची संथ लय येते. मग ती विरते, डोळे पापणीआड सावकाश एका कडेकडून दुसरीकडे घरंगळतात, आणि माणूस उंबरठा ओलांडतो. पुढच्या पायरीवर रेघेत मधूनच एक गुच्छ उठतो, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, चरख्याच्या चातीवर सूत गुंडाळल्यासारखा. मेंदूच्या पोटातल्या थॅलॅमसमधून तो येतो. त्याच्याही खाली गाढ झोप. तिथे लाटा मोठमोठ्या आणि सावकाश, सेकंदाला दोन किंवा त्याहून कमी.

मला प्रश्न पडला, झोपेत मेंदू शांत होतो म्हणतात, मग लाटा मोठ्या कशा? डॉक्टर म्हणाले, "गणपतीत ढोल पथक ऐकलंत ना?" राममारुती रोडवरून जाणारं पथक माझ्या डोळ्यांपुढे आलं. सकाळी नऊला ठाणे स्टेशनवर हजारो माणसं एकदम बोलत असतात, पण दुरून फक्त गजबज ऐकू येते. शंभर ढोल एका ठोक्यावर पडले आणि एका क्षणी थांबले, तर तो आवाज पार तलावपाळीपर्यंत जातो. गाढ झोपेत मेंदूच्या सालीतल्या पेशी असं करतात. एकदम गप्प, एकदम बोलत्या, पुन्हा एकदम गप्प. ठोका एक झाला की लाट उंच होते.

मग माझी पानं. गाढ झोप होती, पण लाटा बुटक्या. त्यांच्या अंगावर, वर आणि खाली, बारीक उभी लव होती, जणू कुसळं. आणि ते चातीसारखे गुच्छ तर जागोजागी, निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त. "ही कुसळं म्हणजे बीटा," डॉक्टर म्हणाले. "सेकंदाला पंधरा ते तीस. जागेपणीची लय." मी लगेच म्हटलं, "म्हणजे मी झोपेतही जागीच असते ना? मला वाटतच होतं तसं." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तसं असू शकेल. जुन्या निद्रानाशात झोपेतही अशा वेगवान लहरी जास्त दिसतात. पण तुम्ही गोळी घेऊन झोपलात. या जातीच्या गोळ्याही बीटा वाढवतात, गुच्छ वाढवतात, संथ लाटा कमी करतात. यातल्या तुमच्या रेघा कोणत्या आणि गोळीच्या कोणत्या, ते या कागदावरून मला सांगता येणार नाही."

रिक्षात बसले तेव्हा पाऊस लागला होता. माजिवड्याच्या पुलाखाली अर्धा तास अडकून होतो. सहा वर्षांत माझ्या झोपेत दुसरं कोणीतरी राहायला आलं होतं, आणि आता भिंत कुठे होती तेच कळत नव्हतं.

नंतर मी शक्य तेवढं समजून घेतलं, डॉक्टरांना विचारून, वाचून. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, त्याचं काम पेशींना गप्प करणं. पेशीवर त्याचं एक दार असतं. गाबा बसला की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी काही काळ बोलेनाशी होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या सगळ्या बेंझोडायझेपीन गोळ्या याच दाराच्या कडेला बसतात आणि गाबा आला की दार वारंवार उघडायला लावतात. झोल्पिडेमही तिथेच बसते, फक्त ती दारांच्या एका प्रकाराला जास्त धरून असते. बेंझोडायझेपीनने गाढ झोपेचा वेळ घटतो. झोल्पिडेम नेहमीच्या डोसला त्या मिनिटांना फारसा धक्का लावत नाही, पण लाटांचा पोत तिनेही बदलतो. म्हणजे पथक तेवढाच वेळ वाजतं, ठोका मात्र तसा एकसंध पडत नाही. आमची आई हे आपल्या शब्दांत कधीचं सांगत होती: "तुला गुंगी येते गं, झोप नाही."

आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला मोलाचं वाटतं. गोळीची झोप खोटी नव्हे. त्या झोपेतही मेंदू पायऱ्या उतरतो, स्वप्नांची झोप येते, सकाळ होते. आणि निद्रानाश झालेल्या माणसाचा बिनगोळीचा मेंदू काही निवांत नसतो. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी अशा लोकांच्या मेंदूतल्या साखरेच्या खर्चाची चित्रं काढली. अभ्यास लहान होता, सातच रुग्णांचा, पण दिसलं ते असं की त्यांचा मेंदू जागेपणीही आणि झोपेतही इतरांपेक्षा जास्त साखर जाळतो, आणि जागं ठेवणारे भाग झोप लागल्यावरही म्हणावे तसे मंदावत नाहीत. लोक म्हणतात, "विचार करू नकोस, पड डोळे मिटून." ज्याच्या घरात रात्रभर गॅस मोठा आहे, त्याला हे सांगून काय उपयोग?

रिपोर्टमधली एक गोष्ट मात्र मला फार लागली. त्या रात्री किती झोपलात, असं सकाळी फॉर्मवर विचारलं होतं. मी लिहिलं, दोन तास. यंत्राने मोजले पाच तास दहा मिनिटं. मी खोटं लिहिलं नव्हतं. जुन्या जागरणाच्या लोकांमध्ये हे खूप दिसतं, झोप झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तीस सेकंदांच्या पानाला एकच नाव द्यावं लागतं, झोप किंवा जाग, आणि त्या पानाच्या आत मेंदूचा एक कोपरा पेल्याकडे कान लावून बसला असेल तर तो नावात येत नाही, असं ते म्हणाले. आणि गोळीचं उलटं चालतं. ती झोप थोडी वाढवते आणि जागेपणाची आठवण बरीच पुसते, म्हणून सकाळी वाटतं, काय छान लागली होती. २०१२ मध्ये अमेरिकी नियंत्रकांकडे जमा असलेल्या तेरा चाचण्यांचा हिशोब एकत्र मांडला गेला. झोल्पिडेमच्या जातीच्या गोळ्यांनी झोप लागायला लागणारा वेळ, औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत, सरासरी बावीस मिनिटांनी कमी झाला. बावीस मिनिटं. नुसतं छताकडे बघत पडलेल्याला ती फार असतात, हे मी जाणते. तरीही सहा वर्षं मी ज्याला रात्र समजत होते, ते बावीस मिनिटांचं देणं होतं.

गोळी कमी करायचं ठरलं. डॉक्टरांनी पहिली ताकीद दिली ती अचानक बंद न करण्याची. या गोळ्या एकदम तोडल्या तर झोप पहिल्यापेक्षा वाईट उडते, आणि काहींना फिट्सही येऊ शकतात. या उलट उसळीला अमेरिकेतल्या केल्स दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ मध्येच नाव दिलं होतं. किती जण दोन रात्री गोळी सोडतात, ती उसळी बघतात आणि म्हणतात, "बघा, गोळीशिवाय माझं होतच नाही." मीही तीनदा तसंच केलं होतं. या वेळी पाच महिने लागले. दहाची साडेसात, साडेसातची पाच. मग ब्लेडने कापलेले तुकडे, आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे मुक्काम.

सोबत दुसरं औषध होतं, ते म्हणजे अंथरूण कमी करणं. साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही आणि काही झालं तरी साडेपाचला उठायचं. झोप आली नाही तर अंथरुणातून बाहेर. सवयी आणि विचार बदलणाऱ्या एका उपचारपद्धतीचा हा भाग आहे. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळीच्या आधी याच उपचारपद्धतीचं नाव घेतलं. म्हणजे बाबा गेले त्याच वर्षी. मला ते पोहोचायला सहा वर्षं लागली. आपल्याकडे हे शिकवणारी माणसं कमी आहेत आणि गोळी प्रत्येक नाक्यावर आहे. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रात्री दहा ते साडेबारा काय करायचं? मी मेथी निवडायचे. जांभळी नाक्यावरून दोन-तीन जुड्या आणून ठेवायच्या. एकेक काडी धरून पान खुडायचं, मुळांची माती वर्तमानपत्रावर पडायची, हिरवा कडसर वास बोटांना लागायचा. पहिले तीन आठवडे भयंकर होते. दुपारी डोळ्यांवर झापड यायची, ऑफिसात उभं राहून काम केलं. सकाळी साडेपाचला तलावपाळीला फेऱ्या मारायचे. उजेडाने मेंदूतलं घड्याळ लागतं म्हणून, आणि घरी राहिले तर पुन्हा आडवी होईन म्हणूनही. पाचव्या आठवड्यात एका रात्री मेथीची जुडी हातातच राहिली आणि मान पुढे पडली. पेंग. कित्येक वर्षांनी मला पेंग आली होती. मी ती जुडी तशीच ठेवून आत गेले.

आता नव्या जातीच्या गोळ्याही आल्या आहेत. मेंदूत जाग टिकवून धरणारं ओरेक्सिन नावाचं रसायन १९९८ मध्ये सापडलं. त्याला अडवणारं पहिलं औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. ते पेशींना दाबत नाही, जागं ठेवणारा हात तेवढा सैल करतं, आणि त्यामुळे झोपेच्या रेघा बऱ्याच अंशी जशाच्या तशा राहतात. कोणाला कोणतं लागू पडेल ते डॉक्टरांनी ठरवावं. २०२५ च्या जानेवारीत उंदरांवरचा एक अभ्यास आला, झोल्पिडेमने त्यांच्या मेंदूतली रात्रीची धुलाई, म्हणजे द्रवाचा प्रवाह, मंदावली असा. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे स्वतःला बजावत मी तो दिवस काढला.

पुन्हा तपासणीची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे माझ्या एकटीच्या रेघा मी अजून पाहिलेल्या नाहीत. आठवड्यातून एखादी रात्र अजूनही पेल्याकडे कान लावण्यात जाते.

मागच्या महिन्यात अशाच एका रात्री दीडच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लावला, तर आई आधीच तिथे अंधारात बसलेली. शहात्तर वर्षांची आहे. म्हणाली, "तुझी ती जुनी गोळी आहे का गं? अर्धी दे. मला काही लागतच नाही डोळा."

"नाही देणार. या वयात त्या गोळीने तोल जातो. रात्री बाथरूमला उठलीस आणि पडलीस तर खुबा मोडेल."

"मग काय करू?"

कोपऱ्यात मेथी होतीच. वर्तमानपत्र पसरलं, एक जुडी तिच्यापुढे ठेवली. ती निवडता निवडता बाबांबद्दल बोलायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा ते दोघं ठाण्याला आले तेव्हा स्टेशनवरून टांगा केला होता, टांगेवाल्याने चार आणे जास्त मागितले, बाबा घासाघीस करायला लाजले, "आणि मग मीच त्याला म्हटलं, हे बघ..."

तिचा हात थांबला. पापण्या मिटल्या होत्या, आणि त्यांच्याआड बुबुळं सावकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेला घरंगळत होती. अंगठ्याला एक बारीक झटका आला आणि मेथीची काडी मांडीवर पडली. तिला उठवून आत न्यायला हवं होतं, मान अवघडली असती. मी दिवा घालवला आणि तशीच समोर बसून राहिले.